खरखर नसलेला आवाज

१२ फेब्रुवारी

कालिपा आपा तयार झाल्या! तीन हिवाळे मी त्यांच्या मागे लागले होते. आज चहाचा पाचवा पेला रिकामा करून त्यांनी तो उपडा घातला आणि म्हणाल्या, "गाते. पण माझं ऐकून घे आधी."

त्यांचं म्हणणं असं. त्यांच्याच खोलीत गाणार, समोर फक्त मी. आणि त्या जिवंत असेपर्यंत ते कुणाच्या कानावर पडता कामा नये. घरात मयत नसताना कोशोक, मेलेल्याचं शोकगीत, गायला, तर मरण त्या आवाजाच्या मागोमाग दार शोधत येतं. हे मला कुणी सांगायला नको, लहानपणी मी नुसता सूर गुणगुणला म्हणून आईनं चमच्यानं मारलं होतं.

"मी गेल्यावर वाजव," आपा म्हणाल्या. "तेव्हा माझ्यासाठी रडायला येणाऱ्या बायांना तसंही काही येत नाही. नुसत्या शिंकल्यासारख्या रडतात."

मी नानवर हात ठेवून शब्द दिला. मग पिशवीतून मायक्रोफोन काढून दाखवला. बंद पडलेल्या संस्कृती भवनातला जुना रशियन, मानेला मीच निळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. आपांनी तो अंडं धरावं तसा धरला, पट्टीवरून अंगठा फिरवला. "हा ऐकणार होय?"

त्यांच्या मुलासाठी, तिलेकसाठी, रचलेला त्यांचा कोशोक मी एकदाच ऐकला आहे, बावीस वर्षांपूर्वी, त्याच्या मयताला तंबूबाहेर उभी राहून. तळ्याचा बर्फ फुटून तो घोड्यासकट गेला होता. चोवीस वर्षांचा. मी शाळेत तीन तारांचा कोमूझ शिकवते, सूर शिकवते, पण तसा आवाज पुन्हा कुठे ऐकला नाही.

१५ फेब्रुवारी

घरी चाचणी घेतली. भिंतीला रजया टांगल्या, फ्रिज बंद केला, आपांच्या इतक्या हलक्या आवाजात गाऊन पाहिलं. संगणकाला जोडलेल्या साउंड कार्डचं बटण पूर्ण फिरवलं तेव्हा कुठे आवाज ऐकू येण्याइतका झाला, पण सोबत खरखर! कढईत तेल तापावं तशी, न थांबणारी.

एर्मेकला फोन केला. आम्ही संगीत विद्यालयात एका बाकावर बसायचो, आता त्याचा स्टुडिओ आहे, लग्नातली गाणी रेकॉर्ड करतो. तो हसला.

"मास्तरीणबाई, मायक्रोफोन कुजबुजतो. ती कुजबूज मोठी करणारं यंत्र म्हणजे प्रीअँप. तुझ्या कार्डात एक आहे, पण तो फुकटात आलेला. फुकटचा माणूस घर झाडतो तसं, कचरा खोलीभर करतो."

"मग चांगला घेते. परवडेल असा सांग."

"सांगतो ना. घाई नको."

१९ फेब्रुवारी

एर्मेकच्या स्टुडिओत गेले. त्यानं आश्लान-फू, थंड आंबट शेवया, मागवला, वाडगं नेहमीसारखं माझ्या आधी संपवलं, मग कागदावर तीन यंत्रं लिहून दिली. एक मायक्रोफोनच्या वायरीतच बसणारी बोटभर डबी, स्वस्त. एक काचेच्या दिव्याची, आवाजाला ऊब देते म्हणतात. आणि एक अल्माटीहून मागवायची, माझा दीड पगार.

त्यानं कामाबद्दल फार आस्थेनं विचारलं. कोशोक किती वेळाचा? आपांचं वय? आधी कुणी रेकॉर्ड केलाय?

"कुणीच नाही."

"कुणीच नाही?" त्यानं पुन्हा विचारलं.

आपांच्या अटी सांगितल्या, तर मान हलवत म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. आणि ऐक, यंत्र हातात पडेपर्यंत त्यांना गायला लावू नकोस. पहिल्यांदा गाताना जे येतं ते दुसऱ्यांदा येत नाही. खरखरीत वाया घालवशील."

किती खरं आहे! मी एकटीच धडपडले असते तर हेच केलं असतं. या कामाची किंमत समजणारं दुसरं कुणीतरी आहे, या विचारानं परत येताना हलकं वाटत होतं.

२६ फेब्रुवारी

शाळेतल्या गिटारच्या सरांकडे बोटभर डबी होती, उसनी आणली. लावली आणि अंगावर काटा आला. खरखर जवळजवळ गेली! माझा श्वास ऐकू येत होता, ओठ उघडल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, झालं, हीच.

नमुना एर्मेकला पाठवला. त्याचा निरोप आला: "आवाजाचा खालचा भाग गेलाय गं. पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखं वाटतं."

पुन्हा ऐकलं. खरंच, पत्र्यासारखं वाटलं. पहिल्यांदा माझ्या कसं लक्षात आलं नाही? डबी सरांना परत केली.

५ मार्च

दिव्याची आणली, बाजारातल्या रशियन विक्रेत्याकडून दोन दिवसांच्या बोलीवर. दिवा लागतो तेव्हा सुंदर दिसतो. आवाज मात्र मफलर गुंडाळल्यासारखा, वर एक गुणगुण. एर्मेकला न विचारताच परत केली. माझा कान तयार होतोय.

९ मार्च

आपांकडे. "डबा आला का?" दारातच विचारलं.

"आणखी थोडे दिवस, आपा. चांगला शोधतेय."

"मार्चमध्ये माझा घसा बरा असतो. पुढे धूळ येते." त्या बटाटे सोलत होत्या. सुरी चालता चालता एक ओळ गुणगुणल्या, अगदी दबक्या आवाजात, मध्येच थांबल्या. मी श्वास रोखून बसले होते. सून चोल्पोन चुलीपाशी होती, तीही वळून बघायला लागली.

"काय बघता? बटाटा सोलतेय."

माझा फोन खिशात होता. बाहेर काढला नाही. शब्द दिलाय. आणि फोनवर तो आवाज धरणं म्हणजे गरुड कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवणं.

निघताना आपा म्हणाल्या, "पोरी, तू डबा विकत घेतेयस की घोडा? घोड्याचे दातसुद्धा इतके बघत नाहीत."

१४ मार्च

एर्मेक म्हणतो, प्रीअँप मायक्रोफोनशी जुळवावा लागतो, नुसता घेऊन उपयोग नाही. "तुझा मायक्रोफोन दोन आठवडे ठेवून जा. माझ्याकडच्या सगळ्या यंत्रांना लावून बघतो, मग नक्की सांगतो काय मागवायचं ते."

ठेवून आले. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो स्वतः गाडीतून सामान घेऊन येणार आहे. रस्ता विचारला, मी कागदाच्या पाठीवर नकाशा काढून दिला: आपांच्या गावचा, साय-बोयूचा पूल, मग निळं फाटक. घर शांत कधी असतं तेही विचारलं. मी म्हटलं, रविवारी. चोल्पोन पोरांना घेऊन जनावरांच्या बाजारात जाते, आपा एकट्याच असतात. त्यानं लिहून घेतलं. व्यवसायातला माणूस म्हणजे असा. मला कोंबड्यांचा आवाज येईल की नाही हेही सुचलं नसतं.

२१ मार्च

नूरूझ, वसंतातला नववर्षाचा सण. मुलांचा कार्यक्रम चौकात. ध्वनिक्षेपक सांभाळायला एर्मेक येणार होता, आला नाही, फोनही बंद. माझ्या बारा कोमूझवाल्यांचा आवाज सुमोलोकच्या, सणाच्या गव्हाच्या खिरीच्या, कढईभोवती जमलेल्या बायांच्या बोलण्यात बुडून गेला. संध्याकाळी त्याचा निरोप: तब्येत बरी नव्हती, आणि अल्माटीचाच घे, दुसरा काही नको. मागवला. तीन आठवडे लागतील.

३० मार्च

यंत्र सीमेवर जकातीत अडकलंय.

दुपारी चोल्पोनचा फोन. ती मला एजे, म्हणजे ताई, म्हणते. "सोनून एजे, आपा विचारतायत, कसं झालं?"

"अजून यायचंय गं. येईल चार-आठ दिवसांत."

"यायचंय?" तिनं विचारलं. मग, "बरं. सांगते त्यांना." आपा फार अधीर झाल्यात. मला आतून आनंदच झाला.

११ एप्रिल

सगळं क्रमानं लिहिते.

तिसऱ्या तासाला वर्गात होते. फोन पिशवीत होता. तास संपल्यावर पाहिलं तर चोल्पोनचे नऊ फोन. लावला तर ती रडत होती, शब्द लागत नव्हते, मग एकच वाक्य नीट आलं: "एजे, हे काय केलंत तुम्ही?"

पहिली मिळाली ती मिनीबस पकडून साय-बोयूला गेले. निळं फाटक उघडं होतं. अंगणात दोन अनोळखी गाड्या, कुंपणाला बांधलेली एक मेंढी, आणि आठ-दहा माणसं मान खाली घालून उभी. काही बाया रडत होत्या, एक पुरुष मात्र हसत होता, माणूस लाजेनं हसतो तसा. पुढचं मला चोल्पोननं सांगितलं.

सकाळी नऊच्या सुमारास इथल्या एका छोट्या खासगी रेडिओनं कोशोक वाजवला. निवेदक फक्त आपांचं नाव आणि गाव बोलला. डोंगरापलीकडे त्यांच्या माहेरच्या लोकांनी ऐकला. "माझ्या घराच्या दिव्या, माझ्या शिंगरा, कुठल्या परक्या पाण्यानं तुला नेलं..." तिलेकला जाऊन बावीस वर्षं झाली, त्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. त्यांनी मेदेत गेला असं धरलं. मेदेत, आपांचा उरलेला मुलगा, चोल्पोनचा नवरा, नोवोसिबिर्स्कला इमारतींवर काम करतो. परकं पाणी, परका मुलूख, सगळं जुळलं. असली गोष्ट फोनवर विचारायची नसते. त्यांनी मेंढी गाडीत घातली आणि निघाले.

आपा कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. फाटकाच्या अलीकडे गाड्या थांबल्या, पुरुष उतरले आणि रीतीप्रमाणे लांबूनच हंबरडा फोडत धावत आले, "अरे माझ्या काळजा रे!"

"आपांनी कोण गेलं म्हणून विचारलंसुद्धा नाही," चोल्पोन म्हणाली. "विचारायला उरलंय कोण? बादली टाकली आणि खाली बसल्या. दोन्ही हातांनी गाल ओरबाडले. मी बाहेर आले, मला वाटलं ह्यांना आमच्या आधी कळलंय. मी पण, एजे... मी पण माझा नवरा गेला म्हणून किंचाळले. पोरं बघत होती."

मेदेत फोन उचलत नव्हता. नवव्या मजल्यावर परांचीवर होता. पाव तासानं त्यानंच फोन केला. "काय लावलंय सारखं? मुकादम ओरडतोय माझ्यावर."

पाव तास तो मेलेला होता.

मी आत गेले. आपा गादीवर ताठ बसल्या होत्या. दोन्ही गालांवर लाल रेघा, रक्त सुकलेलं.

"नानवर हात ठेवला होतास," त्या म्हणाल्या.

"आपा, मी नाही! मला काहीच माहीत नाही. मी तर अजून रेकॉर्डच..."

"तुझा माणूस आला होता. नूरूझनंतरच्या रविवारी. सोनूनला शाळेचं काम आहे, तिनं मला पाठवलंय म्हणाला. मी म्हटलं, कशावरून? त्यानं पिशवीतून तो काढला. निळी पट्टी मी ओळखली." त्यांनी अंगठा तर्जनीवरून फिरवला. "तुझ्याशी बोललेल्या अटी त्याला पाठ होत्या. मी बोलायच्या आधीच त्यानं बोलून दाखवल्या. पोरीनं पाठवलाय म्हणून गायले मी."

मी काय बोलले ते आठवत नाही. खूप बोलले. शेवटी त्यांनी हात वर केला.

"तू पाठवलंस की नाही पाठवलंस, ते तुझं तू बघ. तुझ्या नावानं दार उघडलं मी. आता जा. पाहुण्यांना जेवायला घालायचंय, मेंढी आणलीय बिचाऱ्यांनी."

१२ एप्रिल

शाळेत रजा टाकली आणि एर्मेककडे गेले. मला पाहून उठून उभा राहिला. दचकला नाही. मी येणार हे त्याला माहीत होतं, याचाच मला जास्त राग आला.

"वाजवायचं नाही असं ठरलं होतं," मी म्हटलं.

"रेडिओवाल्याला ऐकायला दिलं होतं फक्त. त्या गाढवानं लावून टाकलं."

"आणि तू रेकॉर्ड का केलंस?"

त्यानं खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. मग त्यानं सांगितलं. परदेशातली एक संस्था जुन्या आवाजांसाठी निधी देते. अर्जाची मुदत एक एप्रिल. त्याच्याकडे पाठवण्यासारखं काही नव्हतं, लग्नाची गाणी सोडून. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हाच त्याच्या डोक्यात आलं.

"पहिल्याच फोनला?"

"खोटं कशाला बोलू."

मी म्हटलं, "मला सांगायचंस. आपण दोघांनी मिळून केलं असतं."

"तू?" तो पहिल्यांदा चिडला. "तू प्रीअँप निवडत बसली असतीस आणि म्हातारी मातीत गेली असती. मी थांब म्हटलं, तू थांबलीस. हे नको म्हटलं, तू परत केलंस. एकदा तरी माझ्याशी भांडलीस? थांबायला तुला आवडतच होतं, सोनून. मी तरी जाऊन आणलं. ऐक एकदा, कसलं आलंय. तुला जमलं असतं असं?"

मेदेतचं सांगितलं. नऊ फोन, गालावरच्या रेघा, सगळं. त्याचा चेहरा उतरला, ते खरं असावं. इंटरनेटवर त्याच्या पानावरही रेकॉर्डिंग चढवलेलं होतं, ते जागच्या जागी काढलं, रेडिओवाल्याला माझ्यासमोर फोन करून शिव्या घातल्या. अर्ज मात्र परत घेता येत नाही म्हणाला. घेता येत नाही की घ्यायचा नाही, ते मी विचारलं नाही. मायक्रोफोन परत दिला. मी मागितली म्हणून रेकॉर्डिंगची एक प्रतही दिली.

दारापर्यंत आले आणि वळून विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक, त्या वेळी दुसरं काही सुचेना. "ती बोटभर डबी. खरंच पत्र्यासारखी वाटत होती?"

तो म्हणाला, "नाही गं. चांगली होती. तुझ्या कामाला पुरेशी होती."

१४ एप्रिल

अल्माटीहून यंत्र आलं. खोकं उघडलं नाही.

२० एप्रिल

चोल्पोन बाजारात दिसली. तिनं तोंड फिरवलं नाही, पण थांबलीही नाही. एर्मेकची प्रत माझ्या खणात आहे. अजून ऐकलेली नाही. ऐकली आणि चांगली निघाली तर मी काय करू?

२ मे

आज आपांनी निरोप पाठवून बोलावलं. "ते घेऊन ये," एवढाच निरोप.

गालांवरच्या रेघा पांढऱ्या झाल्यात. चहा झाला. मग त्या म्हणाल्या, "सगळ्या मुलखानं ऐकलं. मीच नाही ऐकलं."

त्यांच्या पांढऱ्या रुमालावरूनच हेडफोन घातले. दुसरी जोडी माझ्या कानाला. तेव्हाच मीही पहिल्यांदा ऐकलं. काय सांगू! खरखर औषधालाही नाही. आवाज असा, की आपा अंधारातून माझ्या कानापाशी येऊन बसल्यात. शब्द सुरू व्हायच्या आधी त्या आवंढा गिळतात तोसुद्धा. एर्मेकचं काम उत्तम आहे, हे मला इथे लिहायलाच हवं.

आपा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मला वाटलं रडतील.

"म्हातारा झाला माझा आवाज," त्या म्हणाल्या. आणि मग, "चुकले आहे. तिसऱ्या कडव्यात घोड्याचं नाव राहिलंय. घोडा पण गेला होता त्याच्याबरोबर. त्याला कोण रडणार? परत गाते."

"आपा, पण तुमची अट..."

"कसली अट आता? मरण यायचं होतं ते आलं, चहा पिऊन गेलं." त्यांनी हेडफोन उतरवून माझ्या मांडीवर ठेवले. "त्याला बोलाव."

"कुणाला?"

"त्या कोल्ह्याला. माणूस वाईट आहे, यंत्र चांगलं आहे. कसायाचं तोंड बघून कुणी सुरी फेकून देत नाही."

इतकं झाल्यावरही त्यालाच? मी तीन हिवाळे येतेय, लाकडं फोडून दिलीत, औषधं आणलीत. त्यांना हवाय तो.

मी म्हटलं, "तो बिश्केकला गेलाय, आपा. लवकर यायचा नाही."

"कधी गेला?"

"परवा."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "मग तूच ये रविवारी."

आज सकाळीच एर्मेक मला बसच्या थांब्यावर दिसला होता. हे इथे लिहिलंय. दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

५ मे

गिटारच्या सरांकडून बोटभर डबी पुन्हा उसनी घेतली. अल्माटीचं खोकं तसंच बंद ठेवलंय, परत पाठवता येतं का बघते.

रविवार. चोल्पोन पोरांना घेऊन बाजारात गेलेली. कोंबड्या मी मागच्या गोठ्यात कोंडल्या. वायरी लावल्या, आवाज तपासला. खरखर आहे, पण थोडी, लांबून ओढा वाहावा इतकी.

आपा रुमाल नीट करत म्हणाल्या, "काल चोल्पोनला तो कोल्हा भेटला. टायरच्या दुकानात. तुझी चौकशी करत होता."

मी वायरीवर वाकले होते. वर पाहायचं धाडस झालं नाही. बोलावं म्हणून तोंड उघडलं.

"काही बोलू नकोस," आपा म्हणाल्या. "सुरू कर. मला घसा कोरडा व्हायच्या आत गायचंय."

त्या वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. आवाज पाठमोरा पडेल म्हणून मला मायक्रोफोन उचलून त्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळात सरकावं लागलं. मी तिथे गुडघ्यांवर, हात उंच धरून, त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. एकोणीस मिनिटं हात धरून ठेवला. तिसऱ्या कडव्यात घोड्याचं नाव आलं: कारा-जोर्गो. ते नाव उच्चारताना आवाज फुटला नाही, उलट घट्ट झाला, लगाम धरावा तसा.

रेकॉर्डिंग चांगलं झालंय. पुरेसं झालंय.

एकोणीस मिनिटांत आपांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. इतक्या जवळ असूनही नजर माझ्या खांद्यावरून भिंतीवर. कोशोक गाताना बाया कुणाकडे बघत नाहीत, असा रिवाज आहे.

रिवाजच असेल.